शकुनच्या गाडीचं कव्हर

“भाऊ, तुम्ही गाडीले कव्हर पाहून राहिले का पोरीले नवरा?”

दुकानदारानं विचारलं तेव्हा मी एक कव्हर उलटं करून त्याची शिवण नखानं ओढून पाहत होतो. काउंटरवर आधी पाहून नापसंत केलेल्या कव्हरांचा ढीग पडला होता.

“शिवणीतून दोरा निघतो आहे,” मी म्हणालो.

“नखानं ओढलं तर माणसाची चामडीबी निघते.”

“उन्हात टिकेल का? आमच्याकडं झाड नाही. दिवसभर ऊन असतं. वरून कोळशाची धूळ.”

“खाणीच्या कॉलनीतले का तुम्ही? मग तर डोळे मिटून न्या. तुमच्या कॉलनीत हेच चालते.”

“साडीगार्डला अडकून फाटेल हे. इथं, डाव्या बाजूला. इथं दुहेरी कापड पाहिजे.”

“गाडी कोणाची आहे?”

“बायकोची.”

तो हसला. “मोटारसायकल? बायको चालवते? मग तिलेच आणा ना संगं. एका मिनिटात पसंत करन.”

मी कव्हराची घडी घातली, ढिगावर ठेवली आणि बाहेर पडलो. मागून तो काहीतरी म्हणाला, मी ऐकलं नाही.

ही चंद्रपूरच्या बाजारातली गोष्ट. बरीच वर्षं झाली. शकुन गेली त्यानंतरचा फाल्गुन होता. त्या दिवसांत मला घरात बसवत नव्हतं. लॅम्परूममधली ड्यूटी संपली की मी क्वार्टरला यायचो, कुलूप उघडायचो, पाणी प्यायचो आणि पुन्हा कुलूप लावून बाजारात जायचो. काहीतरी काम पाहिजे म्हणून कव्हर शोधत होतो, असं लोकांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं.

शकुन नर्स होती. उपकेंद्राची सिस्टर. आसपासच्या गावांना लस द्यायला, बाळंतिणी पाहायला जायची. मी आधी खाणीत हॉलेजवर, म्हणजे कोळशाचे डबे दोरानं वर ओढायच्या कामावर होतो. एकदा दोरात हात सापडला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. मग मला वर आणून कामगारांना दिवे द्यायच्या लॅम्परूममध्ये बसवलं. ब्रेक नीट दाबता येत नाही म्हणून मी गाडी शिकलो नाही. शकुन शिकली. माझ्या सुट्टीच्या दिवशी ती चालवायची आणि मी लसीची निळी पेटी मांडीवर घेऊन मागं बसायचो. कॉलनीतले लोक हसायचे. “निखाडेची बायको त्याले शाळेत सोडाले चालली,” म्हणायचे. शकुन म्हणायची, “हसू द्या. त्यांच्या बायका त्यांले कुठं नेतात?”

पावसाळा संपता संपता तिला कावीळ झाली. सरकारी दवाखान्यात नेली, तिथून नागपूरला. परत आणली ती गाडीतच, पण दुसऱ्या गाडीत.

तेरवीच्या दिवशी सगळे जेवून बसले होते, तेव्हा मी तिच्या भावाला, बंडूला म्हणालो, “गाडी तू ने.” सगळ्यांसमोर म्हणालो. आमच्याकडं तेरवीला गेलेल्या माणसाची वस्तू कोणाला दिली, की ती दिली. नंतर त्यावर बोलत नाहीत. बंडू रडला आणि म्हणाला, “नेईन भाऊजी, घाई नाही.” मला बरं वाटलं. त्याला घाई नव्हती तोवर गाडी दारातच राहणार होती.

माघ संपता संपता बंडूला कापसाच्या जिनिंगमध्ये काम लागलं. त्याच्या गावापासून, चिंचोलीपासून लांब होतं आणि बसची वेळ जुळत नव्हती. त्यानं मला काही म्हटलं नाही. माझ्या मुलीला म्हटलं. पल्लवी तेव्हा पुण्याला होती. तिचा फोन आला.

“बाबा, मामाचं काम सोमवारपासून आहे. रविवारी गाडी न्यायला येऊ का विचारत होता. मी हो म्हटलं.”

“बरं.”

“बरं म्हणजे?”

“म्हणजे येऊ दे.”

“आणि शेजारच्या कमलकाकू सांगत होत्या, तुम्ही गाडीला कव्हर शोधताय. द्यायचीच आहे तर कव्हर कशाला?”

“ऊन आहे.”

“रविवारपर्यंत?”

मी पायानं चप्पल शोधायला लागलो.

“बाबा, नसेल द्यायची तर तसं सांगा. मी मामाशी बोलते. पण मग त्याला आजच सांगायला हवं. तो दुसरी सोय बघेल.”

“द्यायची आहे,” मी म्हणालो. “सगळ्यांसमोर बोललो आहे.”

फोन ठेवला आणि चप्पल घालून पुन्हा बाहेर पडलो.

त्याआधी एक तयार कव्हर मी घेऊनही आलो होतो. चांदीसारखं पांढरं. दुकानदार म्हणाला होता, पांढऱ्यावर ऊन ठरत नाही, गाडी थंड राहते. ते मला पटलं होतं. दारात गाडीजवळ उभा राहून मी त्याची घडी उलगडली. वारा होता. कव्हर हातात फुगलं. शेजारच्या कमलवहिनी वाळवणाचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि तिथंच थांबल्या.

“निखाडे भाऊ, हे काय करून राहिले?”

“कव्हर आहे. गाडीला.”

“पांढरं?”

“पांढऱ्यावर ऊन ठरत नाही.”

“ऊन जाऊ द्या जी. संध्याकाळी अंधारात दारात असं पांढरं झाकून ठेवलेलं दिसन. येणारं-जाणारं काय पाहीन? आताच तर घरातून एक माणूस गेलं.”

मी कव्हराकडं पाहिलं. मग मलाही तेच दिसायला लागलं. आधी दिसलं नव्हतं. मी ते पिशवीत कोंबलं आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेलो.

“घातलेलं कव्हर परत होत नाही,” दुकानदार म्हणाला.

“घातलं नाही.”

“मग काय झालं?”

“रंग आवडला नाही.”

“बायकोले नाही आवडला का?”

तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, “हो.” त्यानं तोंड वाकडं करून कव्हर परत घेतलं.

दुसऱ्या एका दुकानात पातळ कव्हर होतं, पॅराशूटच्या कापडाचं म्हणाले. हातात धरलं तर मुठीत मावलं. मी विचारलं, गरम सायलेन्सरला लागलं तर? ते म्हणाले, गाडी थंड झाल्यावर घालायचं. मी म्हणालो, आणि हे रबर? खालचं रबर मी ताणून सोडलं तर ते तसंच ताणलेलं राहिलं. दुकानातला माणूस रबराकडं आणि माझ्याकडं पाहत राहिला. मी पुढच्या दुकानात गेलो. तिथं प्लॅस्टिकचं होतं, जाड. आतून हात घातला तर हाताला घाम आला. गाडीलाही येईल. टाकी आतून गंजेल. तेही नको.

शनिवारी इस्माईलभाईकडं गेलो. त्यांचं दुकान ताडपत्रीचं. ट्रकवाले तिथं यायचे, मंडपवाले यायचे. गाडीचं कव्हर शिवता का विचारलं तर म्हणाले, “आम्ही हत्तीचंही शिवतो, हत्ती आणा.”

“गाडी आणता येणार नाही. माप आणलं आहे.”

मी खिशातून सुतळी काढली. तिला गाठी मारल्या होत्या. ही हँडलपासून मागच्या दिव्यापर्यंत, ही आरशाच्या टोकापासून जमिनीपर्यंत, ही रुंदी. त्यांनी सुतळी टेबलावर पसरली, पट्टी लावली आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

“दादा, हे माप गाडीचं आहे की गाडीच्या सावलीचं?”

“का?”

“शंभर सीसीच्या गाडीला इतकं कापड लागतच नाही. तुम्ही सुतळी गाडीला टेकवली का हवेत धरली?”

“थोडी लांबून धरली.”

“चावते का गाडी?”

दुकानात बसलेला एक ट्रकवाला हसला. मी हसलो नाही. इस्माईलभाईंनी विषय बदलला आणि कापडं काढली. रेक्झिन दाखवलं आणि स्वतःच बाजूला सारलं. “जाड दिसतं म्हणून लोक नेतात. दोन उन्हाळ्यांत तडकतं. जाड म्हणजे टिकाऊ नाही.” मग एक खाकी कापड काढलं. बाहेरून पाणी न धरणारं, आतून मऊ. हातावर घासून दाखवलं. “याला हवा लागते. आत घाम धरत नाही. साडीगार्डपाशी दुहेरी लावतो. सायलेन्सरपाशी जाड पट्टी. खाली रबर नको, रबर उन्हात मरतं. पितळी डोळे ठोकतो, दोरी चाकातून घेऊन बांधायची. वारा उचलणार नाही, चोरही उचलणार नाही.”

पहिल्यांदाच कोणीतरी मी विचारायच्या आधी सांगत होतं. मी म्हणालो, “हेच शिवा. आजच पाहिजे.”

“आजच? उद्या बाहेरगावी चालले का?”

“गाडी चालली आहे.”

“मग कव्हर इथं कोणासाठी?”

मी पैसे काढून टेबलावर ठेवले. ते मशीनवर बसले. मी दुकानाबाहेर उभा राहिलो, चहाच्या टपरीपर्यंत गेलो, चहा न घेता परत आलो, पुन्हा गेलो. शेवटी त्यांनी आतून हाक मारली, “दादा, बसा तरी. तुम्ही फिरता तर माझी शिवण वाकडी होते.”

कव्हर झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. चांगलं शिवलं होतं. त्याहून चांगलं मी आजवर पाहिलेलं नाही. घडी घालता घालता ते म्हणाले, “एक ध्यानात ठेवा. गाडी आधी पुसून घ्यायची. मग कव्हर.”

“का?”

“धुळीवर कव्हर टाकलं की वाऱ्यानं ते हलत राहतं. खालची धूळ पॉलिशपेपरसारखी रंग घासते. कोळशाची तर फारच. महिन्याभरात टाकी पांढरी होते.”

“न पुसता चालणार नाही?”

“न पुसता झाकायची तर माझं कव्हर कशाला? तशीच राहू द्या.”

मी कव्हर घेऊन घरी आलो. गाडी दारात उभी होती. शकुन दवाखान्यात गेली त्या दिवसापासून तिला कोणी हात लावला नव्हता. धुळीचा काळा थर इतका, की टाकीचा लाल रंग कडेला कुठं कुठंच दिसायचा. मी घरातून फडकं आणलं. गाडीजवळ गेलो. परत आत आलो. फडकं ठेवलं. मग पुन्हा घेतलं. कमलवहिनी त्यांच्या ओट्यावरून पाहत होत्या. काही वेळानं मी कव्हराची पिशवी पलंगावर ठेवली आणि दार लावून घेतलं.

सकाळी बंडू आला. हातात माझ्या सासूबाईंनी दिलेला चिवड्याचा डबा होता. त्यानं चप्पल काढली, शकुनच्या फोटोला नमस्कार केला आणि बाहेर येऊन गाडीभोवती एक चक्कर मारली.

“भाऊजी, कव्हर घेतलं म्हणे तुम्ही.”

“हो. आत आहे. तुलाच दिलं ते. ने.”

“मग घातलं कायले नाही?”

“पुसायची होती आधी.”

“मग पुसायची ना.” त्यानं गळ्यातला दुपट्टा काढला आणि सीटवर एक झटका मारायला हात उचलला.

“थांब,” मी म्हणालो.

माझा आवाज मोठा झाला असावा. त्याचा हात वरच राहिला.

“काय झालं?”

“तिला पुसू नको.”

“इतकी धूळ आहे भाऊजी. बसू कसा?”

मला सांगायचं नव्हतं, पण तो उत्तराची वाट पाहत उभा होता. मग सांगितलं. शकुन रोज सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी गाडी पुसायची. माझ्या जुन्या बनियननं. मी उठायचो ते सीटवर फडकं आपटल्याच्या आवाजानं. मला पुसू द्यायची नाही. म्हणायची, तुमच्या हातानं पुसली तर दोन बोटांइतकी राहूनच जाते. दवाखान्यात जायच्या दिवशीही तिनं पुसली. अंगात ताप होता, डोळे पिवळे झाले होते, मी म्हणालो राहू दे, तर म्हणाली, आल्यावर मग चिकटलेली धूळ निघत नाही. त्यानंतर जी धूळ पडली ती पडली. पण त्या धुळीच्या खाली तिनं पुसलेली गाडी होती.

“मला वाटलं होतं कव्हर घातलं की नवी धूळ पडणार नाही,” मी म्हणालो. “मग पुसावीच लागणार नाही.”

बंडूनं दुपट्टा गळ्यात टाकला आणि ओट्यावर बसला.

“भाऊजी, मी बसनं जातो,” तो म्हणाला. “कामाचं काय, पाहू.”

“बस कुठं जुळते तुझी?”

“नाही जुळत. सायकल आहे.”

“सायकलनं जिनिंगला? उन्हाळ्यात?”

“लोक जातात.”

तो खरंच गेला असता. त्याच्या बहिणीसारखाच होता, बोलला की करायचा. तो उठून चप्पल पाहायला लागला तेव्हा मी आत गेलो. बनियन मोरीत खुंटीला होतं. ते घेऊन बाहेर आलो आणि सीटपासून सुरुवात केली.

पहिलं फडकं फिरवलं. टाकी लाल निघाली. आरसे निघाले. काळं पाणी खाली सांडत होतं. बंडू न सांगता बादली भरून आणत होता, ओतत होता, पुन्हा आणत होता. शेवटी मी बाजूला झालो. उजव्या बाजूला मडगार्डवर एक पट्टा राहिला होता, दोन बोटांइतका. बंडूनं तो पाहिला. मीही पाहिला. त्यानं दुपट्ट्याला हात लावला नाही.

गाडी लवकर सुरू झाली नाही. बंडू किक मारून घामाघूम झाला. कमलवहिनी ओट्यावरून म्हणाल्या, “चोक ओढ रे, शकुन ओढायची.” चोक ओढला आणि गाडी सुरू झाली. इतक्या महिन्यांनी तो आवाज दारात झाला, तेव्हा समोरच्या दोन क्वार्टरची दारं उघडली. लोक बाहेर आले, पाहिलं आणि आत गेले.

“चाला भाऊजी,” बंडू म्हणाला. “मायनं जेवाले बोलावलं आहे. तुम्ही तेरवीपासून आले नाही. रात्र होण्याआधी तुमाले आणून सोडतो.”

“मी काय करू येऊन?”

“कुलूप लावून बाजारातच जाल ना? त्यापेक्षा मागं बसा.”

मी कुलूप लावलं. कव्हराची पिशवी त्यानं हँडलला अडकवली. मी मागं बसलो. मांडीवर काही नव्हतं म्हणून हात कुठं ठेवावे कळेना. मग गुडघ्यांवर ठेवले. बंडू शकुनपेक्षा जोरात चालवायचा. कॉलनी संपली, खाणीचा रस्ता लागला, कोळशाचे ट्रक समोरून येत होते. त्याच्या शर्टाला घामाचा आणि विड्यांचा वास होता. मी तोंड बाजूला केलं आणि रस्ता पाहत राहिलो.

पुढं मालगाडीत कोळसा भरायच्या साइडिंगचे रूळ रस्त्याला आडवे जातात. सरळ नाही, तिरपे. एकदा शकुनचं पुढचं चाक त्या फटीत सापडलं होतं आणि आम्ही दोघंही पडलो होतो, लसीची पेटी उघडली होती, सगळ्या बाटल्या रस्त्यावर. तेव्हापासून तिची पद्धत ठरलेली. रुळांच्या अलीकडं गाडी हळू करायची. मी पेटी घेऊन उतरायचो. ती एकटी गाडी पलीकडं काढायची आणि इंजिन चालू ठेवून थांबायची. मी चालत रूळ ओलांडायचो आणि पुन्हा बसायचो. दर वेळी. पावसात, उन्हात, उशीर झाला असला तरी.

बंडूनं रुळांपाशी गाडी हळू केली. मी उतरलो.

विचार करून उतरलो नाही. गाडी हळू झाली आणि पाय खाली टेकले. बंडूचं लक्ष रुळांकडं होतं. गाडी दोनदा उसळली, पलीकडं गेली आणि त्यानं गिअर टाकला. मी रूळ ओलांडत होतो. डोकं खाली घालून, पाय फटीत पडू नये म्हणून. वर पाहिलं तेव्हा गाडी बरीच पुढं गेली होती. मागची सीट रिकामी, तिच्यावर ऊन. हँडलला पिशवी हलत होती. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. पलीकडं थांबायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी हाक मारली नाही.

मी चालत पलीकडं गेलो. ती जिथं थांबायची तिथं, दगडाच्या खुणेपाशी, उभा राहिलो. गाडी वळणाला लहान झाली आणि दिसेनाशी झाली. मग आवाजही गेला.

थोड्या वेळानं खिशात फोन वाजला.

“भाऊजी, कुठं आहा तुम्ही? पडले का काय?”

“नाही. उतरलो.”

“उतरले? कुठं?”

“रुळांपाशी.”

“सांगाचं तर होतं. मी पुलावर येऊन बोललो तुमच्याशी, तर मागं कोणीच नाही. जीव खाली-वर झाला माझा. थांबा तिथंच, येतो परत.”

मी रस्त्याकडं पाहिलं. तो आला असता तर मी पुन्हा मागं बसलो असतो.

“येऊ नको,” मी म्हणालो.

“मग?”

“गाडी कशी चालते?”

“गाडी मस्त आहे भाऊजी. पण तुम्ही...”

“मग जा. माझ्या मागं लागू नको. उद्या कामावर वेळेत पोहोच.”

“अन् माय? ती जेवणाची वाट पाहून राहिली.”

“त्यांना सांग, येतो आहे. ताट वाढून ठेवू नका म्हणावं, मला उशीर होईल.”

“बरं,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

एक मालगाडी साइडिंगवर मागं-पुढं होत होती. तिच्या धुळीत मी बसची वाट पाहत उभा राहिलो. बस आली तेव्हा हात केला. कंडक्टरनं विचारलं, “कुठं?” मी म्हणालो, “चिंचोली.” खिडकीजवळची जागा रिकामी होती. तिथं बसलो आणि पोहोचेपर्यंत एकदाही उठलो नाही.